समोर टॉवर आला, पण आधी न्हाणीघराची खिडकी उघडा

पत्र: आम्ही नाशिकला चौथ्या मजल्यावर राहतो. समोरच्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर दसऱ्याच्या सुमारास मोबाइलचा टॉवर उभा राहिला. खांबावर सहा लांबट पांढऱ्या पेट्या आहेत, अंतर साधारण पन्नास मीटर. दिवाळीपासून माझं डोकं दुखतं, जास्त करून सकाळी. झोपही तुटक लागते. सासूबाईंना आंघोळ करून आल्यावर गरगरतं. त्याआधीच, टॉवर आल्या आल्या, मुलाने फोनवर रेडिएशन मोजायचं अ‍ॅप घेतलं. ते खिडकीपाशी ४३ दाखवतं, पलंगाजवळ ६८, आणि लाल दिवा लागतो. म्हणून तेव्हाच टॉवरच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलं. न्हाणीघराच्या खिडकीच्या पट्ट्याही त्याच बाजूला, त्या झाकल्या (आत गॅस गीझर आहे म्हणून पूर्वी उघड्या ठेवायचो). फाटकाशी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आहे आणि माझ्या पलंगाच्या डोक्यामागच्या भिंतीतून मेन केबल जाते. सासऱ्यांना पेसमेकर आहे, त्यात आम्ही इंडक्शन शेगडी घेतली. मुलगा अकरा वर्षांचा, फोन उशाशी घेऊन झोपतो. सोसायटीत टॉवरविरुद्ध अर्ज फिरतोय. सही करू का? की घरच विकावं? आणि २,४९९ रुपयांची अँटी-रेडिएशन चिप घ्यावी का?

उत्तर: ताई, टॉवर कुठे जात नाही, त्याच्याकडे येऊच. आधी उठा आणि न्हाणीघराच्या खिडकीवरचं फॉइल ओरबाडून काढा. ते निघेपर्यंत गॅस गीझर पेटवू नका.

दुखणं सकाळचं आहे, दोघींना आहे, आणि खिडक्या बंद झाल्यापासूनचं आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आधी गीझरवर संशय घ्यायचा. गॅस जळायला भरपूर हवा लागते. बंद न्हाणीघरात एकामागून एक आंघोळी झाल्या की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. मग डोकं जड, गरगर, मळमळ, पायात त्राण नाही. मोकळ्या हवेत बसल्यावर चार-पाच तासांत रक्तातला वायू निम्म्यावर येतो, म्हणून दुपारपर्यंत बरं वाटतं. हृदयरोग्याला तो लवकर बाधतो, तेव्हा सासऱ्यांनाही आता तिथे आंघोळ नको.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. वायूने भरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं आणि तो ९७-९८ दाखवत राहतो. डॉक्टरांना ‘कार्बोक्सीहिमोग्लोबिन’ ही रक्ततपासणी सांगा. त्रास होत असताना लगेच रक्त दिलं तरच आकडा खरा मिळतो. गीझरचं झाकण काढून सर्व्हिसवाल्याला बर्नर दाखवा. ज्योत निळी हवी. पिवळी जळत असेल किंवा वर काजळी धरली असेल तर जेट तुंबलेत. आणि खरं म्हणजे गीझर न्हाणीघरात नसावाच. बाहेर गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. ते होईपर्यंत बादल्या आधी भरून घ्या, गीझर बंद करा, मगच आत जा. कुणी आत पडलेलं आढळलं तर दार सताड उघडून त्याला ओढत बाहेर आणायचं, गॅस बंद करायचा आणि १०८ ला फोन लावायचा.

गीझर बाहेर गेल्यावर दोन आठवड्यांत डोकेदुखी थांबली तर कारण सापडलं. नाही थांबली तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि चष्म्याचा नंबर, एवढं तपासून घ्या.

आता अ‍ॅप. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक बारीक चिप असते, हे अ‍ॅप तिचाच आकडा दाखवतं. तुमचे ४३ म्हणजे ४३ मायक्रोटेस्ला, आणि ते जवळजवळ सगळं पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आहे. आपल्या भागात ते चाळिसाच्या आसपास असतं. पलंगाजवळ ६८ झाले कारण पलंगाला लोखंडी फ्रेम असेल, नाहीतर भिंतीत सळया. टॉवरच्या रेडिओलहरी या चिपला कळतच नाहीत. खात्री करायची तर मुलाला एखाद्या मोकळ्या मैदानावर न्या, जिथे टॉवर दिसत नाही. तिथेही आकडा चाळिसाच्या आगेमागेच येईल. मग स्टीलच्या कपाटाला फोन टेकवा, तो कुठल्या कुठे चढेल. लाल दिवा कुठे लावायचा ते अ‍ॅप बनवणाऱ्याने मनाने ठरवलेलं असतं.

ऑनलाइन दोन-तीन हजारांना मिळणारी हातातली मीटरं याहून बरी, पण तीही जपून वाचावी लागतात. बहुतेक एकाच दिशेचं क्षेत्र मोजतात, म्हणून एका जागी तीन काटकोनी दिशांनी धरून तिन्ही आकड्यांचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. काही मीटरं मिलिगॉसमध्ये दाखवतात. १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. हे न पाहिल्यामुळे दहापट घाबरलेली माणसं पुष्कळ.

टॉवरचा हिशेब कागदावर करता येतो. पांढऱ्या लांबट पेटीला साधारण २० वॅट शक्ती दिलेली असते असं धरू. ती पेटी सगळी शक्ती एका झोतात टाकते, त्यामुळे समोर उभ्या माणसाला जणू ५० पट, म्हणजे १,००० वॅटचा स्रोत भासतो. ५० मीटरवर ही शक्ती पसरून दर चौरस मीटरला ०.०३ वॅट उरते. सहा पेट्या तीन दिशांना वाटलेल्या असतात, तुमच्याकडे तोंड असलेल्या दोन. प्रत्येकीत दोन वारंवारता धरल्या तरी ०.१३. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून ९०० मेगाहर्ट्‌झसाठी मर्यादा ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर ठरली. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या, ४.५ च्या, ती एक दशांश. शिवाय हा हिशेब झोताच्या ऐन मध्यात उभं राहिल्याचा आहे. झोत वरून खाली फार रुंद नसतो, जेमतेम पाच-दहा अंशांचा, बॅटरीचा उजेड आडवा मारावा तसा. पेट्या तुमच्या खिडकीच्या दहा-बारा मीटर वर असणार, म्हणजे मुख्य झोत तुमच्या डोक्यावरून जातो आणि तुमच्या वाट्याला त्याची कड येते. टॉवरच्या अगदी खालच्या घरात तर अनेकदा सगळ्यात कमी भरतं. ५जी च्या पेट्यांची शक्ती जास्त असते, पण ज्या क्षणी ज्या दिशेला ग्राहक असेल तिकडेच त्या झोत वळवतात.

मग टॉवर कधी खटकतो? अँटेनाच्या बरोबर समोर, त्याच उंचीला, दहा-पंधरा मीटरवर गॅलरी असेल तेव्हा. वरचंच गणित १० मीटरवर केलं तर एकाच पेटीचे ०.८ येतात आणि आपली मर्यादा मोडते. म्हणूनच दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत समोर त्याच उंचीला इमारत नको असं अंतर दिलं आहे: एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चारला ४५, सहाला ५५. तुम्ही खालच्या बाजूला आहात आणि तुमच्याकडे दोनच वळलेल्या आहेत, तेव्हा तुम्ही यात बसता. तुमच्याच इमारतीत सहाव्या-सातव्या मजल्यावर कुणी असेल तर त्यांनी मात्र टेप घेऊन अंतर मोजावं.

कागदावर समाधान नसेल तर मोजून घ्या. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल २०१७ पासून चालू आहे. नकाशावर तुमच्या आसपासचे टॉवर दिसतात, मर्यादा पाळल्याचं स्वप्रमाणपत्र कंपनीने दिलंय का तेही कळतं. घराजवळ प्रत्यक्ष मोजणी हवी असेल तर ४,००० रुपये शुल्क आणि त्यावर कर भरून अर्ज करता येतो. विभागाचे अधिकारी मीटर घेऊन येतात. सोसायटीने मिळून पैसे भरा, घरटी शे-दोनशे पडतील. मोजणी संध्याकाळी मागा, सात ते दहा, कारण तेव्हा सगळे फोनवर असतात आणि टॉवर जोरात चालतो. जागा सांगताना ‘इमारत’ असं मोघम लिहू नका. सर्वांत वरच्या मजल्याची टॉवरकडची गॅलरी आणि तुमची झोपायची खोली, अशा दोन जागा लिहून द्या.

फॉइलचं काय? खिडक्यांवरचं सगळंच काढा. घरात सिग्नल कमी झाला की तुमचा फोन टॉवरपर्यंत पोहोचायला स्वतःची शक्ती वाढवतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट टाकतो, पण तो कानाला टेकलेला असतो. सिग्नल चांगला असेल तर तोच फोन याच्या शंभराव्या भागावरही काम चालवतो. म्हणजे फॉइलने पन्नास मीटरवरचा टॉवर थोडा अडवला आणि कानाशीचा टॉवर मोठा केला. चिपचंही हेच. खरोखर लहरी अडवत असेल तर फोन जोर वाढवेल, अडवत नसेल तर २,४९९ रुपयांचा स्टिकर. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने शेणाची चिप काढली, तेव्हा शेकडो वैज्ञानिकांनी पुरावा मागितला होता. तुमच्या विक्रेत्याकडे तेवढंच मागा: कोणत्या प्रयोगशाळेत, फोनच्या कोणत्या शक्तीला, आधी किती आणि नंतर किती.

आजार होतो का, हा तुमचा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य ‘सिद्ध झालं’ होऊन फिरतं. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. पुरावा तोकडा आहे पण शंका पुरती फिटलेली नाही, असा त्या गटाचा अर्थ. त्यानंतर याच संघटनेसाठी झालेला २०२४ चा मोठा आढावा ६३ अभ्यास चाळून सांगतो की मोबाइल वापराचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसत नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. उंदरांवरचा अमेरिकी प्रयोग तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. त्यात उंदरांना दोन वर्षं, रोज नऊ तास, अंगभर, आपल्या कानाशी येते त्याहून जास्त मात्रा दिली होती. नर उंदरांच्या हृदयात काही गाठी आढळल्या, आणि गंमत म्हणजे लहरी खाल्लेले नर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले.

डोकेदुखी, झोप, चिडचिड यांवर वेगळ्या पद्धतीचे प्रयोग झाले. लहरी चालू आहेत की बंद, हे ना त्या माणसाला सांगायचं ना तपासणाऱ्याला. आपल्याला लहरी जाणवतात असं ठामपणे म्हणणाऱ्यांना चालू-बंद ओळखता आलं नाही, आणि यंत्र बंद असतानाही डोकं मात्र खरोखर दुखलं. दुखणं खोटं नसतं. भीतीनेही रात्रीची झोप जाते आणि सकाळी डोकं धरतं. पण हे निदान तुमच्यावर इतक्यात चिकटवू नका, तुमच्या घरात गीझर आहे.

आता डीपी आणि केबल. इथे प्रकार वेगळा आहे: ५० हर्ट्‌झची वीज, तिचं चुंबकीय क्षेत्र, आणि हे क्षेत्र विटांच्या भिंतीतून आरपार जातं. सर्वसामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. घरात तितकं क्वचितच भेटतं, तेही केस वाळवायचं यंत्र डोक्याला चिकटवलं तर. मात्र काही अभ्यासांत सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या लहान मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. कारण तेच, हे ठरलेलं नाही, पण यावरूनच हे क्षेत्रही ‘२ब’ मध्ये आहे. म्हणून मुलाची खाट आधी बघायची. फाटकाशी असलेल्या डीपीचं क्षेत्र काही मीटरांतच विरतं, चौथ्या मजल्यावर त्याचा विचार करायला नको. डोक्यामागची केबल जास्त जवळ आहे.

तिचं मर्म असं: वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल शेजारी शेजारी जात असतील तर दोघांची क्षेत्रं उलट दिशेची असतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. ५ अँपिअर वाहत असताना पाच मिलिमीटर अंतराच्या जोडीचं क्षेत्र एक मीटरवर ०.००५ मायक्रोटेस्ला भरतं. तेच ५ अँपिअर जर एकट्या फेजने गेले आणि न्यूट्रलने भलत्याच वाटेने परतले, तर १ मायक्रोटेस्ला. दोनशे पट. जुन्या इमारतींत हे कुठे होतं? जिन्याच्या टू-वे स्विचला शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो, किंवा कुणीतरी मीटरच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडून टाकलेलं असतं.

तपासायला वायरमनला टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा धरून अँपिअर मोजणारं मीटर) घेऊन बोलवा. घरात इस्त्रीसारखं विजेचं जड उपकरण लावा, फक्त फेजभोवती जबडा धरा: समजा ८ अँपिअर दिसले. मग फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्या. शून्य यायला हवं. दीड-दोन अँपिअर दिसले तर तेवढी वीज दुसऱ्याच रस्त्याने परत जातेय. हा दोष क्षेत्रापेक्षा शॉकसाठी जास्त वाईट, तो काढाच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज भलत्या वाटेने जाताच ती तोडणारा स्विच) बसवला तर असा दोष असलेलं घर तो चालूच देत नाही, ट्रिप होत राहतो. वायरमन मग आरसीसीबी काढून टाकायला सांगेल, ऐकू नका. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेही रेडिएशन नाही, अर्थिंग गेलंय. आणि हे सगळं होईपर्यंत पलंग भिंतीपासून एक मीटर सरकवा, त्याला पैसे पडत नाहीत.

सासऱ्यांसाठी टॉवर, डीपी, वायफाय, काहीच अडचणीचं नाही. अडचण हाताशी असलेल्या वस्तूंची. चालू इंडक्शनपासून पेसमेकर ६० सेंटिमीटर लांब राहायला हवा. शेगडीवर वाकून दूध उतू जातंय का बघायचं काम दुसऱ्याने करावं. भांडं शेगडीवरच्या वर्तुळाएवढं आणि मधोमध ठेवा, लहान भांडं कडेला ठेवलं की क्षेत्र बाहेर सांडतं. फोन पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर दूर, दुसऱ्या कानाला, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात कधीच नाही. चुंबक असलेला फोन वायरलेस चार्जिंगवर असेल तर ३० सेंटिमीटर. मॉलच्या दारातल्या कमानीतून चालत जावं, तिला टेकून उभं राहू नये. एमआरआयची वेळ आली तर पेसमेकरचं कार्ड आधी दाखवायचं.

मुलाचा फोन रात्री उशाशी नको. लहरींचं कारण दुय्यम आहे, अकराव्या वर्षी झोप नऊ तासांची लागते आणि फोन ती खातो. हॉलमध्ये चार्जिंगला लावा. लांबलचक बोलणं स्पीकरवर करू दे. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये, एसटीत सिग्नलची एखादीच काडी असताना फोन पूर्ण जोरात असतो, तेव्हा कानाला लावू नये. तुमच्या फोनच्या लहरी शरीर किती शोषतं ते बघायचं असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. डोक्याजवळचा आकडा १.६ वॅट प्रति किलोच्या आत असायला हवा.

घर विकायचं कारण यात कुठेच नाही. अर्जावर सही करायची की नाही, ते अर्जात काय लिहिलंय त्यावर. ‘कर्करोग होतो म्हणून टॉवर हटवा’ असं असेल तर तो अर्ज फाइलमध्ये पडेल. त्याऐवजी हे मागा: महापालिकेच्या परवानगीची प्रत, इमारत हा भार पेलते याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, अँटेनांची संख्या, उंची आणि दिशा, मर्यादा पाळल्याचं स्वप्रमाणपत्र, आणि डिझेल जनरेटर असेल तर तो आवाजबंद पेटीत आहे ना. एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर आवाज नको आणि त्याचा धूर कुणाच्या खिडकीत शिरायला नको. या प्रत्येक मागणीला अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

डीपीचा अर्ज वेगळा, तो महावितरणला. फ्यूजच्या पेटीचं दार उघडं लोंबतंय का, तेल गळून खाली काळे डाग पडलेत का, कुंपण आहे का, आवळलेल्या जोडातून ठिणग्या उडतात का, हे दिवसा लांबून बघून फोटो काढा आणि खांबावरचा क्रमांक लिहून १९१२ वर तक्रार नोंदवा. त्या अर्जावर सही नक्की करा, आणि पावसाळ्याच्या आत पाठपुरावा करा.